स्वेटरचा नमुना मासिकाला द्यावा की स्वतः विकावा?

स्वतः रचलेला स्वेटरचा नमुना, म्हणजे तो विणायच्या लेखी सूचना, विकायच्या वाटा दोन. विणकामाच्या मासिकाला किंवा लोकर कंपनीला द्यायचा, नाहीतर पीडीएफ करून रॅव्हेलरी, एट्सी अशा संकेतस्थळांवर आपणच विकायचा. जास्त पैसे कशात, हे सगळ्याच विचारतात. मी आधी विचारते, नमुन्यात चूक निघाली तर ती कोण निस्तरणार?

मासिकाकडून एकदाच ठरलेली रक्कम मिळते. लोकर बहुतेक वेळा तेच पाठवतात, फोटो तेच काढतात आणि गणित तपासणारा संपादकही त्यांचाच. ही तपासणी फार मोलाची आहे. समजा, दहा सेंटिमीटरला 22 टाके बसतात आणि छाती 100 सेंटिमीटर हवी. टाके झाले 220. नक्षी 12 टाक्यांची असेल तर भाग जात नाही. 216 घेतले तर छाती 98 होते, 228 घेतले तर जवळजवळ 104. मग काखेखाली काही टाके साधे, नक्षीविना ठेवून फरक जिरवायचा, की लगेच मुंढ्याचं गणित हलतं. नऊ मापं द्यायची तर हे नऊ वेळा. घरच्यांसाठी विणताना आपण अंगाला लावून बघतो, दोन टाके इकडेतिकडे करतो. नमुना विकत घेणारीला फक्त आपले आकडे दिसतात.

पण मासिकाचं वेळापत्रक पाळावंच लागतं. हिवाळी अंकाचा स्वेटर एप्रिल-मेच्या उकाड्यात मांडीवर घेऊन विणायचा आणि तयार कपडा परदेशी कुरिअरने वेळेत पोचवायचा. छापायचा शेवटचा मजकूरही तेच ठरवतात. अमेरिकेतल्या विणकाम-रचनाकार एलिझाबेथ झिमरमन यांनी एका लोकर कंपनीला गोल, म्हणजे एकसंध नळीसारख्या, विणायच्या स्वेटरच्या सूचना दिल्या होत्या. कंपनीने त्या सपाट तुकड्यांच्या करून छापल्या. मग 1958 मध्ये त्यांनी स्वतःचं विणकामाचं पत्रकच सुरू केलं. मला त्यांचा राग पूर्ण पटतो. विणायची रीत हाच त्या स्वेटरचा जीव होता.

स्वतः विकायचं तर आधी खर्च आपला: लोकर, फोटो, तपासनीस. चाचणीसाठी वेगवेगळ्या मापांच्या विणणाऱ्या शोधाव्या लागतात, आणि त्यांना आपली इथली लोकर मिळेलच असं नाही. म्हणून फक्त ब्रँडचं नाव लिहू नका. 100 ग्रॅममध्ये किती मीटर, हेही लिहा. एट्सी प्रत्येक नोंदीला चार महिन्यांचे 20 सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के घेते, पैसे वळते करण्याचा आकार वेगळा. पेपलवर 2021 पासून देशांतर्गत व्यवहार बंद आहेत, परदेशातून पैसे येतात. त्यामुळे भारतातल्या गिऱ्हाइकासाठी वेगळी सोय करावी लागते. शिवाय ‘बाहीच्या 34व्या ओळीत दोन टाके उरले’ अशी पत्रं नमुना विकला जाईल तोवर येत राहतात. पण तेवढाच काळ पैसेही येतात, आणि दुरुस्ती त्याच संध्याकाळी करता येते.

गणित आणि पत्रव्यवहार मनापासून आवडत असेल तर स्वतः विकाच. फक्त विणायला आवडत असेल तर मासिक बरं. नव्या मुलीला मी सांगते, पहिली टोपी किंवा मफलर मासिकाला दे; तपासून आलेला मजकूर आपल्या मजकुराशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाच. जिवापाड जपलेला स्वेटर मात्र स्वतःकडे ठेव. आणि टोपी देतानाही करारात एवढं बघ, की नमुन्याचे हक्क आपल्याकडे परत येतात का, आणि किती महिन्यांनी.