वरमालेच्या फ्रेममध्ये आमची फुलं नव्हतीच

माझ्या लग्नातला हार आज्जीने ओवला होता. साताऱ्याच्या घरामागचा गावठी गुलाब, मधेमधे निशिगंध, आणि ओवायला दोऱ्याऐवजी केळीचं सोपट, म्हणजे खोडाचे पापुद्रे. सुताने देठ कापला जातो, असं ती म्हणायची. आदल्या रात्री सोपट भिजवून, नखाने चिरून, अकरा वाजेपर्यंत बसून तिने हार पुरा केला. दोन महिन्यांनी आज्जी गेली. तो हार फ्रेममध्ये जपायला दिला आणि फसवणूक झाली. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण तो हार आता कुणालाच पुन्हा करता येणार नाही.

इन्स्टाग्रामवरच्या एका पेजला मी तो पाठवला. फुलं सुकवून रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बसवलेली 12 बाय 12 इंची फ्रेम, साडेसहा हजार रुपये, निम्मे आगाऊ. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कुरिअर करा म्हणाले, मी तसंच केलं, तेही लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. बंद पिशवीत फुलांना घाम सुटतो आणि बुरशी धरते, हे मला नंतर कळलं. हेच काम मनापासून करणाऱ्या पुण्यातल्या एका ताईंनी समजावलं: हार कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये मुळीच नाही, आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी हातोहात पोचवायचा. मग फुलं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत आठ-दहा दिवस पुरून ठेवतात. जराही ओल राहिली तर रेझिनच्या आत बुडबुडे धरतात, पाकळी काळवंडते.

आमचा हार बहुधा वाटेतच सडला. तसं सरळ सांगितलं असतं तर मी रडले असते, पण समजून घेतलं असतं. त्यांनी सांगितलंच नाही. "ताई, सुकायला ठेवलाय", "ताई, रेझिन ओतलंय" एवढेच मेसेज. फोटो मागितला की दोन दिवस गप्प. उरलेले पैसे हवे झाले तेव्हा मात्र तयार फ्रेमचा फोटो आला, लांबून काढलेला, काचेवर उजेड पडल्यासारखा. मी यूपीआयने पैसे भरून टाकले.

साडेतीन महिन्यांनी फ्रेम हातात आली. सोनेरी अक्षरांत आमची नावं, तारीख. आई म्हणाली, छान झालीय गं. मी ती खिडकीपाशी नेली आणि पोटात गोळा आला. गुलाब लालभडक, मोठाले, जाड पाकळ्यांचे, घट्ट मिटलेले. फुलबाजारात वीसच्या जुडीने मिळतात ते डच गुलाब. आमचा गुलाब फिकट गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा. निशिगंध दुधासारखा पांढरा. खरा सुकलेला निशिगंध बदामी पडतो. आणि एका देठापाशी रेझिनमध्ये अडकलेला पांढरा सुती दोरा.

फोन केला तर म्हणाले, "मॅडम, सुकल्यावर फुलांचा रंग आणि आकार बदलतो." रंग गडद होतो, हे खरं. पण सुकलेलं फूल आक्रसतं, मोठं कसं होईल? यावर "कस्टम ऑर्डरला रिफंड नाही" असं उत्तर मिळालं, आणि संध्याकाळपर्यंत माझा नंबर ब्लॉक.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, विक्रेता परराज्यातला असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. तिथेही जाणार आहे. अडचण पुराव्याची. हार पाठवण्याआधी मी जवळून एकही फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा. फुलं मोजा, दोऱ्याच्या गाठीचा फोटो घ्या, पेटी बंद करतानाचा व्हिडिओ करा, आणि समोरच्याकडून पेटी उघडतानाचा व आपली फुलं सिलिकात ठेवतानाचा व्हिडिओ मागा. तो आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. सगळा हार कुणाच्याही हवाली करू नका; चार फुलं घरी ठेवा.

मी ठेवली नव्हती. मंगलाष्टकांच्या वेळी हारातून एक गुलाब गळून ताटात पडला होता, तो आईने आज्जीच्या पोथीत दाबून ठेवला. परवा तो फ्रेमशेजारी धरून फोटो काढला. रुपयाच्या नाण्याएवढा, चॉकलेटी पडलेला, आणि देठाला सोपटाची गाठ अजून तशीच. तक्रारीला तोच फोटो जोडलाय.