'फॉरवर्ड' म्हणजे नुसतं 'पुढे' नव्हे : लातूरच्या इंग्रजी नोट्स

लातूरच्या ट्यूशन एरियात झेरॉक्सच्या दुकानांत स्पायरल बाइंडिंगच्या इंग्रजी नोट्स मिळतात. त्यांतल्या ६० रुपयांच्या एका संचात दिशा दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांवर अख्खं प्रकरण आहे. सुरुवात झकास. मांजरा नदी बीड जिल्ह्यातून निघून 'ईस्टवर्ड' वाहते, तेलंगणात 'नॉर्थवर्ड' वळून गोदावरीला मिळते. 'वर्ड' लागला की ठिकाण नाही, रोख सांगायचा असतो, हे पोरांच्या चटकन लक्षात येईल.

घोळ 'फॉरवर्ड'पाशी झालाय. अर्थ दिलाय 'पुढे', आणि खाली वाक्य : 'द एक्झाम वॉज ब्रॉट फॉरवर्ड', म्हणजे परीक्षा पुढे ढकलली. साफ उलटं! २० तारखेची परीक्षा १८ वर आली तर ती 'ब्रॉट फॉरवर्ड'. २५ वर गेली तर 'पोस्टपोन्ड' किंवा 'पुट बॅक'. या नोट्सवर विसंबलेला पोरगा हॉलतिकीट घेऊन पोचेल तोवर पेपर होऊन गेलेला असेल. आपण तारीख पुढे ढकलतो ती स्वतःपासून लांब. इंग्रजीत 'ब्रिंग' आहे, म्हणजे तारीख आपल्याकडे ओढून आणायची. 'मूव्ह फॉरवर्ड' तर खुद्द इंग्रजी घरात बोलणाऱ्यांनाही चकवतं. बुधवारची बैठक दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' म्हटली की कुणी सोमवार धरतं, कुणी शुक्रवार. पत्रात सरळ नवी तारीख टाकावी, भानगड नको.

कॉमर्सच्या पोरांना 'ब्रॉट फॉरवर्ड' खातेवहीतून माहीत असतं : मागच्या पानावरून आणलेली रक्कम. पान भरलं की खाली 'कॅरीड फॉरवर्ड'. नोट्समध्ये याचा पत्ताच नाही.

'लुक फॉरवर्ड टू मीट यू' हेही चुकलंय. इथला 'टू' 'टू गो'मधला नाही, 'टू लातूर'मधला आहे. त्याच्यापुढे नाम किंवा 'मीटिंग'सारखं रूप लागतं. नोकरीच्या अर्जात हे वाक्य बहुधा शेवटी येतं, म्हणून आणखीच डोळ्यांत भरतं. 'फॉरवर्ड'च्या शेवटी 'स' लावायचा की नाही, यावर मात्र दोन पानं खर्ची घातलीत. 'बॅकवर्ड्स अँड फॉरवर्ड्स'मध्ये तो चालतो, 'लुक फॉरवर्ड' आणि 'पुट फॉरवर्ड'मध्ये कधीच नाही. दोन ओळींत आटोपलं असतं.

नद्यांच्या पानांसाठी संच घ्यायला हरकत नाही. 'फॉरवर्ड'चं पान तेवढं लाल पेनाने दुरुस्त करून ठेवा.