संगीतशिक्षणाचा पैसा कुठून आणावा : अंदाजपत्रक, फी की देणगी?

माध्यमिक शाळेत संगीत हा विषय सुरू करताना व्यवस्थापनासमोर पैशाचे तीन मार्ग असतात: नियमित अंदाजपत्रकातील तरतूद, पालकांकडून वेगळी फी आणि बाहेरून मिळणारी देणगी. निवड करण्यापूर्वी खर्चाचे स्वरूप पाहावे, कारण वाद्ये एकदा घेतली की अनेक वर्षे चालतात, शिक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो.

फी सर्वांत लवकर जमते, परंतु संगीत शिकायचे की नाही हे मग मुलाच्या आवडीपेक्षा घरच्या परिस्थितीवर ठरते. सवलत ठेवली, तरी ती मागायला संकोचणारी घरे असतातच. स्कॉटलंडमधील सरकारी शाळांत वाद्यशिक्षणाची फी कुठे बरीच, तर कुठे अजिबात नव्हती; २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून ती सर्वत्र बंद झाली. अर्थात त्यामुळे खर्च संपला नाही, त्याचा भार सरकारी निधीवर आला.

देणगीचे आकर्षण मोठे असते आणि देणगीदारालाही पगारापेक्षा वाद्ये देणे आवडते, कारण वाद्यांचा फोटो काढता येतो. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘सेव्ह द म्युझिक’ ही संस्था शाळांना वाद्ये देते, पण शिक्षकाचा पगार शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने द्यावा, अशी अट घालते. ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. शिकवणारे कोणी नसेल, तर दान मिळालेली वाद्ये कपाटातच राहतात.

अंदाजपत्रकातील तरतूद सर्व मुलांपर्यंत पोहोचते आणि शिक्षकालाही स्थैर्य देते. तिची उणीव एकच, पण गंभीर आहे: पैशाची ओढाताण झाली की ज्या विषयाच्या गुणांवर शाळेची प्रतिष्ठा ठरत नाही, त्यावरच पहिली कात्री चालते. तरीही पगार याच मार्गाने द्यावा आणि संगीताच्या तासिका वेळापत्रकात पक्क्या कराव्यात, कारण वेळापत्रकातली तासिका काढून टाकणे व्यवस्थापनाला तितके सोपे जात नाही. पूर्णवेळ शिक्षक परवडत नसेल, तर दोन-तीन शाळांनी मिळून एक शिक्षक नेमावा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सरकारी अनुदानावर चालणारी ‘म्युझिक हब’ अनेक शाळांसाठी मिळून असेच काम करतात.

वाद्यांसाठी देणगी अवश्य घ्यावी. मात्र तारा बदलणे, सूर लावून घेणे आणि मोडतोड दुरुस्त करणे यांचा वार्षिक खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे ती स्वीकारण्यापूर्वीच लिहून ठेवावे.