कॉलेज रोडचा व्हाइट सॉस पास्ता आणि माझं डाएट
कॉलेज रोडला एका छोट्या कॅफेत काल व्हाइट सॉस पास्ता खाल्ला, चव एक नंबर पण सॉस इतका ओतलेला की पास्ता त्यात पोहत होता, आणि दहा मिनिटांत गार झाल्यावर कडेला बटरचा पिवळा तवंग. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं, म्हणजे 100 ग्रॅममागे सव्वादोनशे कॅलरी नुसत्या फॅटच्याच, चीज वेगळं. मग अर्धी प्लेट पार्सल घेतली, घरी मटार न् सिमला मिरची परतून त्यात ढकलली, दोघांचं पोट भरलं की! असं महिन्यातून एकदा चालतंय. गार्लिक ब्रेड मात्र चामट, सांगितलं तर पोरगा म्हणे, 'दादा, पावसामुळे.'