ओस्लो की कोपनहेगन : एकच ऑपेरा हाऊस पाहायचे असेल तर

नाशिकहून उत्तर युरोपला निघालेल्या वास्तुरचनाप्रेमींकडे एकाच ऑपेरा हाऊसपुरती सवड असेल, तर निवड बहुधा ओस्लो आणि कोपनहेगन यांत करावी लागते. दोन्ही वास्तू पाण्याकाठी आहेत आणि त्यांच्या उद्घाटनांत जेमतेम तीन वर्षांचे अंतर आहे. तरीही पाण्याशी आणि माणसांशी असलेले त्यांचे नाते अगदी निराळे आहे.

कोपनहेगनचे ऑपेरा हाऊस २००५ मध्ये खुले झाले. वास्तुकार हेनिंग लार्सन, तर खर्च एका बड्या जहाज-उद्योगपतीच्या दानाचा. राजवाड्याच्या समोर, बंदराच्या पलीकडच्या तीरावर ते उभे आहे आणि त्याचे सपाट छप्पर पाण्याच्या दिशेने तब्बल ३२ मीटर पुढे झेपावते. आत मेपलच्या लाकडाने मढवलेले प्रेक्षागृह एखाद्या अजस्र वाद्यासारखे दिसते, आणि त्याच्या छताला सोन्याचा वर्ख लावलेला आहे. मात्र दर्शनी काचेवरच्या आडव्या धातुपट्ट्या दात्याच्या आग्रहाने आल्या, लार्सन यांना त्या नको होत्या, आणि ती ओढाताण मला आजही त्या दर्शनी भागात जाणवते.

ओस्लोची वास्तू २००८ ची, स्नोहेट्टा या वास्तुरचना संस्थेची. तिचे छप्पर म्हणजे इटलीतील कॅरारा संगमरवराचा शुभ्र उतार आहे. तो थेट फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या, पाण्यात उतरतो आणि त्यावर कोणीही, तिकिटाविना, चढून जाऊ शकते. गोदाघाटावर वाढलेल्या नाशिककराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खाली वाकून दगड जरूर पाहावा : कुठे तो घासून गुळगुळीत केलेला आहे, तर कुठे खडबडीत ठेवलेला, त्यामुळे पायाखालचा प्रकाश सतत बदलतो. आतले १,३६४ आसनांचे प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचे आणि गडद ओक लाकडाचे आहे. ऑपेराचे गायक माइकशिवाय, पूर्ण वाद्यवृंदावर मात करत गातात, म्हणून हा आकार आणि हे लाकूड केवळ शोभेसाठी नाही. जुन्या संगीत नाटकांच्या रसिकांना त्याचे मोल लगेच कळेल.

प्रयोगाचे तिकीट हाती असेल आणि संध्याकाळ पूर्णपणे आतच घालवायची असेल, तर कोपनहेगन निवडण्यात काहीही गैर नाही. तिकीट नसेल, किंवा सोबत मुले आणि वडीलधारी मंडळी असतील, तर मी निःसंकोच ओस्लो सुचवेन; फक्त ओल्या वा बर्फाळ दिवशी तो उतार निसरडा होतो, म्हणून उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ निवडावी आणि रबरी तळव्यांचे बूट घालावेत.