फ्रीजरमधला पाव बैल: नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इथे अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याकडून पाव बैल घेतला. वसईला फोनवर सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "पाव म्हणजे पुढचा पाय की मागचा?" प्रश्न काही वेडा नव्हता. आमच्या वेळी अर्ध्या बैलाचे सगळे भाग मिसळून दोन वाटे केले होते, म्हणून नुसता खांदा गळ्यात पडला नाही. पण सगळीकडे तसंच करतात असं नाही, विचारून घ्या.

पहिला धक्का हिशोबाचा. भाव सांगतात तो 'हँगिंग वेट'चा, म्हणजे कातडी, डोकं, पोटातलं काढून हुकाला टांगलेल्या धडाचा. आमचा वाटा भरला 190 पौंड, भाव पौंडाला सव्वाचार डॉलर. त्यावर कापणावळ पौंडाला 1.05 आणि बैल पाडायचे आमच्या वाट्याचे 30. झाले 1,037 डॉलर. घरी किती आलं? 118 पौंड. उरलेलं हाडात, चरबीत आणि दोन आठवडे थंड खोलीत टांगलेलं असताना उडालेल्या पाण्यात गेलं. म्हणजे पौंड पडला पावणेनऊला. त्या भावात स्टेक स्वस्त, खिमा महाग. नुसता खिमाच खाणाऱ्या घराने या फंदात पडू नये.

पाकिटांवर 'नॉट फॉर सेल' असा शिक्का पाहून बायको दचकली. त्यात वावगं काही नाही. कायद्याने आपण जिवंत जनावरातला वाटा विकत घेतो आणि खाटीक आपलंच जनावर आपल्याला कापून देतो, म्हणून ते मांस पुढे विकता येत नाही.

माझी खरी चूक झाली कट शीटवर, म्हणजे मांस कसं कापून हवं ते लिहायच्या कागदावर. गावच्या खाटकाच्या दुकानाला इकडे 'लॉकर' म्हणतात. तिथल्या बाईंनी फोनवर धडाधड विचारलं: स्टेक किती जाड, रोस्ट (म्हणजे अख्खा शिजवायचा मोठा तुकडा) किती पौंडांचा, खिम्यात चरबी किती. मी कामात होतो, "नेहमीचं करा" म्हणून मोकळा झालो. नेहमीचं म्हणजे त्यांचं नेहमीचं! आले तीन-तीन पौंडांचे बिनहाडाचे रोस्ट आणि जवळजवळ अर्धा माल खिमा. नळी नाही, शेपूट नाही. हाडं मागितली नाहीत, म्हणून त्यांनी टाकून दिली. त्यांचा दोष नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. जीभ तर बैलाला एकच आणि वाटेकरी चार. मी विचारलं तोवर ती गेलेली. नाताळला मीठ लावलेली जीभ करायचा बेत तिथेच बारगळला.

मग रोस्टचे तुकडे घरीच करायला शिकलो. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी तो बाहेरून मऊ आणि आत अजून बर्फ असतो, तेव्हाच सुरी चालवायची. पूर्ण सुटला की मांस सुरीखाली सरकतं, तुकडे वेडेवाकडे होतात. शिजवायचंही नव्याने शिकावं लागलं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलही बंद, तेव्हा वसईत बीफ म्हणजे रेड्या-म्हशीचं, काळपट आणि बिनचरबीचं. त्याला आमच्या कुकरच्या सात-आठ शिट्ट्या लागायच्या. हा मक्यावर पोसलेला बैल चौथ्या शिट्टीलाच विरघळतो, वर बोटभर तेल तरंगतं. आता फोडणीला तेल घालतच नाही, बॉटल मसाला (आमच्या वसईकडचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला) त्याच चरबीत परततो.

फ्रीजर सात घनफुटांचा, वरून उघडणारा, तळघरात. पाव बैलाला पुरून वर मटार आणि सुरमई मावते. उणे 18 अंशांवर मांस खराब होत नाही, चव मात्र उतरते. खिमा तीन-चार महिन्यांत संपवा म्हणतात. आमचा जानेवारीपर्यंत कसाबसा निम्मा झाला आणि मार्चमधल्या कटलेटांना जुनाट वास येऊ लागला. दोन पाकिटांची हवाबंद शिवण उसवलेली निघाली. आतलं मांस करडं, पुठ्ठ्यासारखं कोरडं. कडा कापून सूपमध्ये घातलं. आणताना प्रत्येक पाकीट दाबून बघायला हवं होतं.

विजेचं भय मला फार. 2020 च्या ऑगस्टमधल्या डेरेचो वादळात (सरळ रेषेत धावणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याचं वादळ) आयोवातल्याच सीडर रॅपिड्स शहरात कित्येक दिवस वीज नव्हती. भरलेले फ्रीजर रिकामे करावे लागल्याच्या गोष्टी इथे अजून ऐकू येतात. गच्च भरलेला फ्रीजर न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. म्हणून माल कमी झाला तशा मी पाण्याच्या बाटल्या भरून आत ठेवल्या. बायको हसते.

सध्या तळाला राउंड स्टेकची (मागच्या मांडीच्या मांसाची) चार पाकिटं आणि कुणी हात न लावलेली कलेजी आहे. पुढच्या बैलाचा नंबर लावलाय. या वेळी कट शीट फोनवर नाही, स्वतः जाऊन भरली: खांदा हाडासकट दीड इंची तुकड्यांत, खिमा वीस पौंडांवर नको, हाडं सगळी, शेपूट असेल तर. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून, जीभ.