म्हापशातला क्लॅटचा क्लास: क्रमवारीची कोडी शिकायची तर इथेच

माझी मुलगी बारावीला आहे. मिरामार आणि मडगावच्या लॉ कॉलेजांसोबत तिला बाहेरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीही प्रयत्न करायचाय, त्यांतल्या बहुतेकांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा असते, म्हणून डिचोलीहून म्हापशाला हा क्लास लावला. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात, त्यामुळे लिहितोय ते डोळ्यांनी पाहिलेलं.

सरांनी फळ्यावर जत्रेच्या रात्रीचं कोडं घातलं. सहा कार्यक्रम: कीर्तन, भजन, फुगडी, गोफ, धालो, नाटक. कीर्तन भजनाच्या आधी. भजन संपलं की लगेच फुगडी. नाटक शेवटी, गोफ चौथा. मुलं लगेच नावं इकडून तिकडे बसवायला लागली. सरांनी थांबवलं, सहा घरं आखली आणि विचारलं, "भजन कुठे बसूच शकत नाही?" पहिल्या घरात नाही, कारण आधी कीर्तन हवं. चौथ्यात गोफ. तिसऱ्यात बसवलं तर फुगडी गोफावर जाते, पाचव्यात बसवलं तर नाटकावर. उरलं दुसरं घर! मग कीर्तन पहिलं, फुगडी तिसरी, धालो पाचवे, सगळं आपोआप. एकही अंदाज नाही. मुलीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि चुकलं की पाव गुण जातो, तिथे अंदाजाने नावं बसवणं परवडत नाही. सर मराठी-कोंकणीत समजावतात, मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना त्याचा फार आधार वाटतो.

तक्रार एकच, पण मोठी. क्लॅटमध्ये आता तर्काचे प्रश्न मुख्यतः उताऱ्यांवर येतात. अशी सुटी कोडी महाराष्ट्राच्या एमएच सीईटी लॉसारख्या प्रवेश परीक्षांसाठी जास्त कामाची. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे वेळेचं गणितच वेगळं. क्लासमध्ये मात्र सगळ्यांना एकच सराव संच. अमेरिकेच्या एलसॅट या लॉ प्रवेश परीक्षेची जुनी कोडीही वाटतात. सरावाला ती उत्तम आहेत, पण त्या परीक्षेने ऑगस्ट २०२४ पासून तो भागच काढून टाकलाय, हे मुलांना सांगायला हवं.

खोली लहान आहे, पंखा एकच. संध्याकाळची बॅच सुटल्यावर डिचोलीची बस मिळेल ना, ते आधी बघून घ्या.

फी भरण्यापूर्वी एक तास फुकट बसू देतात. कोड्यांचा तास कधी आहे ते विचारा आणि त्याच दिवशी जा.